बाहीचं काम पंखांकडे : इनव्हर्नेस कोटाविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी अंकात ओव्हरकोटांवर लेख होता. त्यात खांद्यावर झूल घेतल्यासारख्या दिसणाऱ्या एका कोटाचं चित्र होतं आणि खाली नुसतं ‘केप-कोट’ असं छापलं होतं. हे नाव अपुरं असल्याचं वाचकांनी लगेच कळवलं, सोबत प्रश्नही पाठवले. त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. कोट शिवण्याविषयीच्या उत्तराला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण तसे प्रश्नच जास्त होते.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेला गुप्तहेराच्या भूमिकेसाठी असा कोट हवा आहे. ड्रेपरीवाले त्याला ‘शेरलॉक कोट’ म्हणतात. इंटरनेटवर तोच कोट कुठे इनव्हर्नेस, कुठे अल्स्टर, तर कुठे क्लोक म्हणून दिसतो. खरं नाव कोणतं? (नाशिक)

उत्तर : आधी दोन गोष्टी बघा. आतल्या कोटाला बाही आहे का? आणि वरची केप, म्हणजे खांद्यांवरून मोकळा पडणारा बिनबाहीचा थर, पाठीवरून सलग फिरते, की फक्त दोन्ही बाजूंना आहे?

बाही नसलेला, गुडघ्याखाली जाणारा कोट आणि त्यावर मनगटापर्यंत येणारी केप असेल, तर तो इनव्हर्नेस. बाही आहे आणि तिच्यावर कोपराच्या जरा खाली संपणारी आखूड केप आहे, तर तो जुन्या पद्धतीचा अल्स्टर. आत कोटच नाही, गळ्याशी अडकवलेलं नुसतं घेरदार वस्त्र आहे, तर तो क्लोक. एकावर एक तीन-चार केपांच्या पायऱ्या दिसल्या तर तो गॅरिक, फ्रेंचमध्ये कॅरिक. उघड्या बग्गीवर पावसात बसणाऱ्या कोचमनचा हा कोट. पाणी वरच्या केपवरून खालच्या केपवर निथळत जायचं आणि अंगाला लागेपर्यंत बराच वेळ जायचा.

इनव्हर्नेस हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडचं शहर. नेस नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ते वसलं आहे आणि गेलिक भाषेत त्याच्या नावाचा अर्थच ‘नेसचं मुख’ असा होतो. या नावाचा कोट १८५०च्या दशकात रूढ झाला. सुरुवातीला त्याला बाह्या होत्या आणि वरची केप पाठीवरूनही सलग होती. पुढे बाह्या गेल्या. केप असताना त्यांची गरज नव्हती आणि दोन थरांत हात अडकायचा. केपचा पाठीवरचा भागही गेला, उरले ते बाजूच्या शिलाईत बसवलेले दोन पंख. त्यामुळे जुन्या चित्रात बाहीचा इनव्हर्नेस दिसला तर चित्र चुकलं असं समजू नका, ते आधीच्या काळातलं आहे.

अल्स्टरचं उलट झालं. त्याची केप गेली आणि बाही राहिली. आज दुकानात अल्स्टर मागितलात तर दुहेरी बटणपट्टीचा, रुंद कॉलरचा, पाठीवर अर्धा पट्टा असलेला कोट मिळेल, केप मिळणार नाही. म्हणून ड्रेपरीवाल्यांना फोनवर नुसतं नाव सांगू नका, पुढून आणि पाठीमागून असे दोन फोटो मागवा.

शेरलॉक होम्सबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. मूळ कथांत त्याच्या अंगावर कधी लांब करडा प्रवासी क्लोक असतो, कधी अल्स्टर. दोन्हीकडे झडप असलेली टोपी आणि क्लोक ही जोडी १८९१पासून चित्रकार सिडनी पॅजेटच्या चित्रांमुळे आणि पुढे रंगभूमीमुळे पक्की झाली. पण हा पोशाख प्रवासाचा, खेड्यापाड्यातल्या तपासाचा. लंडनच्या दिवाणखान्यातल्या प्रवेशात तो घालू नका. तिथे फ्रॉक कोट आणि उंच हॅटच हवी.

प्रश्न : मी जपानी शिकते. एका धड्यातल्या चित्रात किमोनोवर असाच कोट घातलेला माणूस आहे आणि खाली ‘तोन्बी’ असा शब्द आहे. शब्दकोशात तोन्बी म्हणजे पक्षी! (पुणे)

उत्तर : शब्दकोश बरोबर आहे. तोन्बी म्हणजे घार, आपल्या आकाशात दिवसभर घिरट्या घालणारी तीच काळी घार. मेजी काळात (१८६८–१९१२) पाश्चात्त्य कपडे जपानमध्ये आले, त्यात इनव्हर्नेसही आला. केपचे पंख घारीच्या पंखांसारखे दिसतात म्हणून लोकांनी त्याला तोन्बी म्हटलं. ‘इन्बानेसु’ हे मूळ नावाचं जपानी रूप आणि ‘निजूमावाशी’, म्हणजे दुहेरी वेढा, हे आणखी एक नाव.

जपानमध्ये हाच कोट टिकण्याचं कारण किमोनोच्या बाहीत आहे. पुरुषांच्या किमोनोची बाही मनगटाशी निमुळती होत नाही, सुमारे दीड फूट खाली लोंबते. ती नेहमीच्या ओव्हरकोटाच्या बाहीत कोंबली तर चुरगळते आणि दंडाशी गोळा होते. इनव्हर्नेसला बाहीच नाही. मुंढा, म्हणजे हात बाहेर काढायची जागा, मोठा ठेवला की किमोनोची बाही अलगद बाहेर येते आणि पंखाखाली झाकली जाते. जुने तोन्बी हाताळायला मिळाले तर मुंढा पाहा, तो जवळजवळ कमरेपर्यंत उतरलेला असतो. बहुतेक कोट काळ्या लोकरीचे असतात, महागड्यांना फरची कॉलर असते.

प्रश्न : मी शिंपीकाम करतो. सूट, शेरवानी नेहमीचंच आहे, पण इनव्हर्नेसची ऑर्डर पहिल्यांदाच आली आहे. कापड किती लागेल आणि बेतायचं कसं? (सातारा)

उत्तर : उंची ५ फूट ८ इंच, छाती ४० इंच, कोटाची लांबी ४५ इंच धरून सांगतो. मापं वेगळी असतील तर त्या प्रमाणात बदल करा.

कापडाचा पन्हा ५८ इंच असेल तर सव्वाचार मीटर लागेल. चौकड्यांचं कापड असेल तर ५ मीटर घ्या, कारण केपवरची आडवी रेघ खालच्या कोटाच्या रेघेशी जुळली नाही तर तेवढंच नजरेत भरतं. आतल्या कोटाला साडेतीन मीटर अस्तर पुरतं. खादी भांडारात हिवाळ्यात हातमागाचं लोकरी ट्वीड मिळतं. ते या कोटाला सुंदर दिसतं, पण त्याचा पन्हा बहुधा याच्या निम्माच असतो. तेव्हा मीटर दुप्पट धरा आणि केपला जोड द्यावा लागेल हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. जोड पाठीच्या मध्यावर किंवा खांद्याच्या रेषेत घ्या, दंडावर कधीच नको.

मीटरला साधारण ५०० ग्रॅम वजनाचं कापड हवं. याहून हलकं कापड पंख्याच्या वाऱ्यानेही उडतं. फेल्ट टाळा. ते पडत नाही, पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. लोकर असेल तर कात्री लावण्याआधी ओल्या कापडावरून वाफेची इस्त्री फिरवून ती आक्रसून घ्या. हे चुकवलंत तर पहिल्याच इस्त्रीत केपची किनार वर चढेल.

आता बेतणं. पहिल्यांदाच करताय तर पाठीवरून सलग जाणारी केपच करा. पंखांचा प्रकार नंतर. आधी बिनबाहीचा कोट काढा. गिऱ्हाईक तो सुटावर घालणार असेल तर छातीला ८ इंच ढिलाई, शर्टावर घालणार असेल तर ६. मुंढा नेहमीच्या कोटापेक्षा ३ ते ४ इंच खोल. खालचा घेर ७० ते ७५ इंच, पाठीला १८ इंचांचा काप.

केपचा कागद कोटाच्याच कागदावरून निघतो. पुढचा भाग आणि पाठीचा भाग शेजारी ठेवा. दोन्हींची खांद्याची टोकं एकमेकांना टेकवा, पण गळ्याकडची टोकं २ ते अडीच इंच दूर ठेवा. मधे जी त्रिकोणी फट राहील ती खांद्याची चुणी. ती गळ्याशी रुंद असते आणि खांद्याच्या टोकाच्या अर्धा इंच पुढे जाऊन विरते. तिच्यामुळे केप खांद्यावर नीट बसते आणि तिथून खाली मोकळी पडते. चुणी न घेता नुसता गोल कापला तर गळ्याभोवती कापड गोळा होईल. उभा धागा केपच्या पुढच्या काठाला समांतर ठेवा. लांबी गळ्याच्या टोकापासून खांद्यावरून मनगटाच्या हाडापर्यंत मोजा, ती साधारण ३० इंच येईल. केप कोटाच्या वर बसते, म्हणून तिला खांद्यापाशी अर्धा इंच जास्तीची जागा द्या.

खऱ्या कापडाला हात लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवा. तो घालून गिऱ्हाइकाला दोन्ही हात पुढे करायला सांगा, नंतर खिशात हात घालायला सांगा. इथेच निम्म्या चुका सापडतात.

शिवताना क्रम मोडू नका. कोटाच्या पुढच्या भागांना कॅनव्हास, मग खांदे आणि बाजू जोडणं. त्यानंतर मुंढ्याला आतून पट्टी लावून तो पूर्ण संपवा. केप बसल्यावर तिथे हात पोचत नाही. कोटाच्या गळ्याला पाव इंचाची सुती टेप टाचून घ्या, कारण केपचं सगळं वजन गळ्याच्या शिलाईवर येतं. केपची चुणी शिवून मधून कापा आणि गोल उशीवर ठेवून दाबा. केपच्या पुढच्या काठाला अडीच इंचांची आतली पट्टी पुरे, जाड बकरम नको. मग केप कच्च्या टाक्यांनी कोटाच्या गळ्यावर बसवा. पाठीचा मध्य मध्याशी आणि चुणी खांद्याच्या शिलाईशी जुळली पाहिजे. पुढचे दोन्ही काठ बटणपट्टीच्या मध्यरेषेवर एकमेकांना टेकले पाहिजेत. त्यावर कॉलर. इथे कापडाचे पाच-सहा थर होतात. १६ नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा आणि आतले थर पायरीपायरीने कमी करा, नाहीतर कॉलरखाली दोरखंडासारखी वळी दिसते.

खालची दुमड लगेच मारू नका. केपच्या बाजूंचं कापड ओरेप, म्हणजे धाग्याला तिरकं, पडतं आणि वजनाने उतरत जातं. कोट दोन दिवस रुंद खांद्याच्या हँगरवर टांगून ठेवा. मग गिऱ्हाइकाला घालून उभं करा, जमिनीपासून पट्टीने मोजत खडूची खूण करा आणि जास्तीचं कापून टाका. गोल काठाची दुमड एका इंचाहून जास्त घेऊ नका. आधी धावदोरा घालून जास्तीचं कापड थोडं ओढून घ्या, वाफेने जिरवा, मग हातशिलाईने तुरपा. केपला अस्तर लावलंत तर ते खाली सुटं ठेवा.

तयार कोट अडीच किलोच्या पुढे जातो, ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या कानावर घालून ठेवा.

प्रश्न : कोट शिवून झाला. पण चालताना केप पुढून उघडी पडते आणि कॉलर मानेमागे ओढली जाते. काय चुकलं? (सोलापूर)

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत.

केप पुढून फाकते ती खांद्यापाशी जागा कमी पडल्यामुळे. केपचा खांदा आतल्या कोटाच्या मापानेच कापला की दंडावर ताण येतो आणि तो ताण पुढच्या काठाला बाजूला खेचतो. खात्री करायची तर चुणीचं दंडाकडचं टोक अर्ध्या इंचाने उसवून बघा. काठ जागेवर आले तर निदान बरोबर. चुणी थोडी आखूड करा आणि टोक निमुळतं करून पुन्हा शिवा. कापड उतरण्याआधीच दुमड मारल्यानेही असं होतं. तेव्हा केपचा खालचा काठ बाजूंना लोंबतो आणि पुढे आखूड दिसतो. मग दुमड उसवून, टांगून, पुन्हा खूण करण्याला पर्याय नाही.

कॉलर मागे जाते कारण केपचं वजन एकट्या गळ्यावर येतं. केप उचला आणि कोटाच्या खांद्याच्या शिलाईशी ती आतून चार-पाच सैल टाक्यांनी दोन्ही बाजूंना धरून ठेवा. टाके खांद्याच्या मध्यावर घ्या, टोकाशी नको. वजन खांद्यावर आलं की कॉलर मानेला चिकटते. गळ्याला टेप लावायची राहिली असेल तर कापड आता ताणलं गेलेलं असेल. त्यासाठी कॉलर उसवावीच लागेल.

पंखवाल्या प्रकारात आणखी एक तक्रार येते, हात पुढे केला की पाठ ओढली जाते. पंखाचा मागचा काठ बाजूच्या शिलाईत फार खालपर्यंत शिवला की असं होतं. मुंढ्याच्या तळाखालची शिलाई उसवून पंख तिथून सुटा करा. तेवढं पुरतं.

प्रश्न : इथे पाऊस आला की बॅगपाइप वाजवणारे असा काळा रबरी कोट चढवतात. साधा रेनकोट का नाही? थंडीत मी तो रोज वापरू का? (ग्लासगो)

उत्तर : बॅगपाइपची पिशवी डाव्या काखेत असते आणि ती कोपराने सतत दाबावी लागते. सुरांच्या लांब नळ्या डाव्या खांद्यावरून वर जातात, दोन्ही हात पुढे वाजवायच्या नळीवर असतात. रेनकोटाच्या बाहीत डावा हात घातला की काखेत कापड जमतं आणि पिशवी घसरते. शिवाय पिशवी रेनकोटाच्या बाहेर, पावसात. इनव्हर्नेसचा पंख पिशवीवरून पडतो, हात आणि पिशवी दोन्ही झाकली जातात, नळ्या तेवढ्या वर राहतात. किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार घागरा, भिजू नये म्हणून लांबी गुडघ्याखाली.

रोज वापरायला तो तितकासा बरा नाही. रबर लावलेलं कापड बाहेरचं पाणी अडवतं तसं आतला घामही अडवतं. संचलनात पंखांखालून वारा खेळतो म्हणून निभावतं, बसमध्ये गर्दीत नाही. रोजच्यासाठी घट्ट विणीचं लोकरी कापड घ्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते तरी ओली लागत नाही. मुसळधार पावसात मात्र ती जड होते. आणि पाठीवर सॅक लावायची असेल तर हा कोट नकोच. पट्टे केपच्या वर घेतले तर हात जखडतात, खाली घेतले तर केप कुबडासारखी फुगते.

प्रश्न : आमच्याकडे भातलावणीच्या वेळी इरलं घेतात. तत्त्व एकच नाही का? (रत्नागिरी)

उत्तर : एकच. पाऊस डोक्या-पाठीवर झेलायचा आणि हात मोकळे ठेवायचे. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्यांत पानं दाबून केलेलं इरलं वाकून काम करणाऱ्याच्या पाठीसाठी आहे, त्यामुळे ते पुढून पूर्ण उघडं असतं. इनव्हर्नेस उभ्याने चालणाऱ्याचा आहे, म्हणून तो पुढूनही झाकतो. इनव्हर्नेस घालून रोपं लावायला वाकलं तर दोन्ही पंख चिखलात लोळतील.

प्रश्न : घरातला जुना लोकरी इनव्हर्नेस पावसाळ्यात कसा ठेवावा? घडी घालावी की टांगावा? (मुंबई)

उत्तर : वापरात असेल त्या दिवसांत टांगा, पावसाळ्याचे चार महिने घडी घाला. इतका जड कोट महिनोन्‌महिने टांगला तर केप ओरेप रेषेत उतरते आणि खांद्यांवर हँगरचे उंचवटे येतात.

ठेवण्याआधी मऊ ब्रशने वरून खाली झाडा. केप उचलून तिच्या आतली बाजू आणि कॉलरचा खालचा भाग विसरू नका. कसर तिथेच लागते, कारण तिथे उजेड जात नाही आणि मानेचा घाम मुरलेला असतो. डाग असतील तर मे महिन्यातच ड्रायक्लीन करून आणा. मळलेल्या लोकरीला कसर लवकर धरते. आणल्यावर प्लॅस्टिकची पिशवी काढून एक दिवस सावलीत वारा द्या. घडी घालताना केप पाठीवर सपाट पसरा, दुमडीत धुतलेल्या सुती कापडाच्या गुंडाळ्या ठेवा आणि सगळं जुन्या सुती चादरीत बांधा. डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा, कापडाला टेकू देऊ नका. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की एकदा उघडून वारा द्या.

बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, ते पसरतात. कोट बाहेर नेऊन कोरडा होऊ द्या, मग ब्रशने झाडा. आणि गळ्याची शिलाई दरवर्षी बोटाने चाचपून पाहा. जुन्या कोटांत कापड शाबूत असतं, दोरा आधी कुजतो आणि केप पाठीच्या मध्यावर सुटायला लागते. चार टाके सुटलेले असतानाच रेशमी दोऱ्याने हाताने भरून घ्या.